रिकाम्या आभाळाचा फोटो

मागच्या व्याख्यानात आपण प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्याविषयी बोललो. आज अभाव. ‘जमिनीवर घट नाही’ हे आपल्याला कळतं कसं? नैयायिक म्हणतात, डोळ्यांनीच. रिकामी जमीन दिसते तसा तिच्यावरचा घटाचा अभावही दिसतो. कुमारिल भट्टांची परंपरा म्हणते, नाही बुवा, जे नाहीच त्याच्याशी डोळ्याचा संबंध येणार कसा? म्हणून अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण माना. पण एक अट महत्त्वाची: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असं ठरत नाही.

वर्गात इथे जांभया सुरू व्हायच्या. पण शिकारी पक्ष्यांचे फोटो काढायला गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात गेलो, तेव्हा हाच वाद समोर उभा राहिला. सोबत एक तरुण मित्र. लेन्स त्याची, ट्रायपॉड आमच्या खांद्यावर. सकाळ छान गेली. वाळलेल्या शेंड्यावर सर्पगरुड, पुढे शिक्रा, धानाच्या बांध्यांवर एका जागी पंख फडफडवत थांबणारी कापशी घार. दुपारी गावाबाहेर, मेलेली जनावरं टाकतात तिथे, गिधाडांसाठी थांबलो. एक बैल पडला होता. कुत्री होती, कावळे होते. ऊन तापलेलं, आभाळ स्वच्छ. गिधाडं घिरट्या घालत उतरायची हीच वेळ.

तासाभराने मित्र म्हणाला, “सर, काहीच नाही.” बाजूला बसलेले गुराखी आजोबा म्हणाले, “गिधाडं नाहीत जी.”

आभाळ एकच, वाक्यं दोन. मित्राला रिकामी जागा दिसली, आजोबांना अभाव. कारण बैल पडला की काय व्हायला हवं, हे त्यांना ठाऊक होतं. ज्याने गिधाडांचा थवा कधी पाहिलाच नाही, त्याला तो गेल्याचं कळायचं कसं? एका पिढीनंतर ‘गिधाडं नाहीत’ हे वाक्य बोलणारं माणूसच उरणार नाही, हा खरा घोर आहे.

भारतात ही घट शास्त्रीयदृष्ट्या लक्षात आली तीही याच वाटेने. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात भरतपूरला गिधाडांची मोजणी केली होती. १९९०च्या दशकात पुन्हा पाहिलं, तेव्हा ताडून बघायला जुने आकडे हाताशी होते. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

कारण २००४ साली उघड झालं: डायक्लोफेनॅक. दुखणाऱ्या बैलाला मालकाने कळवळ्याने टोचलेलं औषध. जनावर लगेच मेलं तर ते मांसात उरतं, आणि ते खाणाऱ्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. शंभरात एखाद्या कलेवरात असलं तरी पुरे, कारण एका कलेवरावर थवाच्या थवा जेवतो आणि मादी वर्षाला अंडं घालते एकच. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे. गडचिरोलीत वनविभागाने ‘गिधाड उपाहारगृहं’ही चालवली. २०२४च्या जानेवारीत पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली १० गिधाडं ताडोब्यात बोटेझरीला आणली गेली, पुढे मोकळी सोडण्यासाठी.

मग फोटोंचा उपयोग काय? खूप आहे. उडत्या गिधाडाचा खालून फोटो मिळाला तर वय ठरवता येतं: प्रौढाच्या पंखांचा पुढचा भाग पांढरा, पिल्लाचा तपकिरी. पिल्लू दिसलं म्हणजे जवळपास वीण झाली असण्याची आशा. पण कॅमेरा अभाव टिपत नाही. त्या दुपारची फ्रेम आम्ही पुसू दिली नाही, मित्र कुरकुरला तरी. तिच्याखाली गाव, तारीख, वेळ, ‘ताजा बैल, आभाळ निरभ्र, गिधाडं ०’ असं त्याच्याकडूनच लिहून घेतलं. तेवढं लिहिल्याशिवाय तो नुसता निळ्या रंगाचा फोटो आहे.