पंचांगातला हर्षल

मराठी पंचांग उघडा, नाहीतर कुणाची पत्रिका बघा. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू... आणि त्यांच्याच पंगतीत हर्षल! नाव इतकं आपलं, की ते पुराणातूनच आलं असेल असं वाटावं. प्रत्यक्षात ते एका जर्मन वादकाचं आडनाव आहे.

विल्यम हर्शेलचा जन्म हॅनोव्हरचा, १७३८ सालचा. पुढे इंग्लंडमधल्या बाथ शहरात तो ऑर्गन वाजवायचा, संगीत शिकवायचा आणि रात्री आकाश बघायचा. मनाजोगती दुर्बीण मिळेना, तर गडी घरीच धातूचे आरसे ओतून घासायला बसला. एकदा तो सलग सोळा तास घासत होता. हात थांबवून चालणार नव्हतं, म्हणून बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत होती.

१३ मार्च १७८१. घरामागच्या बागेतून त्याला एक ठिपका जरा निराळा दिसला. तारा की आणखी काही? हे ओळखायचं कसं? त्याने नेत्रिका बदलली. तारे इतके लांब असतात की कितीही मोठे करून बघा, ठिपक्याचा ठिपकाच राहतो. हा मात्र २२७ पटींवरून ४६० पटींवर, मग ९३२ पटींवर नेला तसा फुगत गेला! चार दिवसांनी बघतो तर तो जागेवरून सरकलेला. हर्शेलला वाटलं, धूमकेतू असेल. पण लेक्सेल या गणितज्ञाने कक्षा मांडली आणि ती निघाली जवळपास वर्तुळाकार, शनीच्या दुप्पट अंतरावर. बाबिलोनच्या ज्योतिष्यांपासून आर्यभटापर्यंत आणि पुढे न्यूटनपर्यंत सगळ्यांचे ग्रह शनीपाशी संपत होते. एका हौशी माणसाने सूर्यमालेची रुंदी दुप्पट केली होती.

बरं, हा ग्रह लपलेला होता का? मुळीच नाही! गडद अंधाऱ्या जागी तीक्ष्ण नजरेला तो दुर्बिणीशिवायही अंधुक दिसतो. फ्लॅमस्टीड या इंग्रज खगोलज्ञाने १६९० मध्येच त्याची नोंद केली होती, पण वृषभेतला ३४ क्रमांकाचा तारा म्हणून. सूर्याभोवती एका फेरीला ८४ वर्षं घेणाऱ्याची चाल सहज कुणाच्या लक्षात येणार?

आता बारसं. हर्शेलने राजा तिसऱ्या जॉर्जचं नाव पुढे केलं आणि राजाने त्याला वर्षाला २०० पौंडांचं वेतन लावून दिलं. फ्रान्सच्या लालांदला शोधणाऱ्याचंच नाव हवं होतं. ग्रहाचं चिन्ह कधी निरखून बघा: रोमन लिपीतला ‘एच’ आणि त्याच्या मधोमध खाली लोंबणारा गोल. तो ‘एच’ हर्शेलचा! जर्मनीच्या बोडेने वेगळाच हिशेब मांडला. गुरूचा बाप शनी, तर शनीच्या पलीकडे त्याचा बाप युरेनस. जगात हेच नाव रुळलं. १७८९ मध्ये क्लापरोट या रसायनज्ञाने नव्या मूलद्रव्याला युरेनियम म्हटलं तेही याच ग्रहावरून. इंग्रजांच्या नाविक पंचांगाने मात्र १८५० च्या सुमारापर्यंत राजाचं नाव सोडलं नाही. आणि आपण? लालांदचा हट्ट मराठी पंचांगात आजही पुरा होतो आहे!

१७८७ मध्ये हर्शेललाच या ग्रहाचे दोन चंद्र दिसले. ते ग्रहाच्या वाटेला जवळपास काटकोनात फिरत होते, कारण हा ग्रहच कुशीवर आडवा पडून फिरतो. त्याच्या ध्रुवावर ४२ वर्षं उजेड, मग ४२ वर्षं अंधार! या चंद्रांची नावं सुचवली विल्यमच्या मुलाने, जॉनने, आणि देवदेवतांना बाजूला ठेवून थेट शेक्सपिअरच्या नाटकातली परीराणी टायटेनिया आणि तिचा राजा ओबेरॉन निवडले. तोच पायंडा पडला. आज हर्षलभोवती ज्युलिएट, डेस्डिमोना, ऑफेलिया आणि पोर्शियाही फिरताहेत.