तारेला किती सोसवेल?

नवे घर घेताना आपण काय काय पाहतो? नळाला पाणी जोरात येते का ते पाहतो, स्वयंपाकघरात सकाळचे ऊन येते का ते पाहतो, कपाटाच्या खणांवरून सुताराशी हुज्जत घालतो. भिंतीत गाडलेल्या तारेची चौकशी मात्र कोणी करत नाही. हल्ली घरातली निम्मी कामे तिच्या जिवावर चालतात. पण ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मनातही येत नाही. तिला किती सोसवेल हे सांगणारे गणित आपण सगळेच शाळेत शिकलो. परीक्षा संपली आणि वह्यांबरोबर तेही रद्दीत गेले.

ते गणित फार सोपे आहे. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब. हे झाले व्होल्ट. नळातून दर सेकंदाला किती पाणी वाहते, ते झाले अँपिअर. आणि पाइप अरुंद असला की पाणी अडते, तो झाला रोध. रोध मोजायचा ओहममध्ये. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो.

हा नियम जर्मनीतल्या गिओर्ग ओहम या शिक्षकाने १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला. तो एका कुलूप बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याच्या देशात या पुस्तकाचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले ते १८४१ साली. आज एक ओळीचे वाटणारे हे सूत्र जगाच्या गळी उतरायला चौदा वर्षे लागली!

आता घरातली इस्त्री घ्या. तिच्यावर १००० वॅट असे लिहिलेले असते. आपल्याकडे घरात येणारी वीज २३० व्होल्टची. दाबाला प्रवाहाने गुणले की वॅट मिळतात, म्हणजेच वॅटना २३० ने भागले की प्रवाह मिळतो. इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेते. २३० ला या आकड्याने भागा, तिचा रोध सुमारे ५३ ओहम निघतो. अशी इस्त्री एक तास सलग तापली तर मीटरवर एक युनिट पडते. पंखा किंवा फ्रीज यांसारख्या मोटार असलेल्या वस्तूंचा हिशेब थोडा वेगळा असतो, पण तापणाऱ्या वस्तूंना तो असा चोख लागू पडतो.

इथवर सारे बिलापुरते झाले. खरी गोष्ट पुढे आहे. १८४१ साली इंग्लंडमधल्या जेम्स ज्यूल याने दाखवून दिले की, तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. आपल्या मनातला हिशेब नेहमी सरळ चालतो, आणि नेमका इथेच घात होतो.

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीतल्या एका घरी हेच घडले. भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला एक साधा एक्स्टेन्शन बोर्ड लावलेला. त्याची वायर ६ अँपिअरची. त्यावर १००० वॅटची इस्त्री, १५०० वॅटची किटली आणि ७५० वॅटचा टोस्टर एकदम चालू. बेरीज ३२५० वॅट, म्हणजे १४ अँपिअरहून थोडे अधिक. वायरीला सोसवेल त्याच्या दुपटीहून जास्त प्रवाह, आणि उष्णता पाचपटीहून जास्त. वायर वितळून धूर झाला. हातभर अंतरावर लहान मुलाचा पाळणा होता. सुदैवाने घरात माणसे जागी होती.

“पण एमसीबी का पडला नाही?” त्या घरातल्या आजींनी मला विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. एमसीबी होता १६ अँपिअरचा, प्रवाह होता १४. त्याच्या दृष्टीने सारे आलबेल होते. तो भिंतीतल्या तारेचा राखणदार. आपण बाजारातून आणलेल्या बारीक वायरीची त्याला काय खबर?

दुसरा छुपा शत्रू म्हणजे ढिली पिन. २००० वॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो. त्याच्या पिनेशी ढिलेपणामुळे अवघा अर्धा ओहम रोध आला, तरी तिथे चाळीसेक वॅट उष्णता तयार होते. जुना चाळीसचा बल्ब किती तापायचा ते आठवा, आणि तेवढी धग नखाएवढ्या जागेत कोंडल्याची कल्पना करा. प्लग काळा पडतो तो यामुळे.

गावाकडे हेच गणित शेतकऱ्याच्या मुळावर येते. व्होल्टेज पडले की विहिरीवरच्या पंपाला पाणी तर तेवढेच ओढायचे असते, म्हणून मोटार जास्त प्रवाह खेचते. दाब एक पंचमांशाने घटला तर प्रवाह ढोबळमानाने सव्वापट होतो, आणि वायंडिंगमधली उष्णता दीडपटीहून जास्त. ऐन हंगामात मोटार जळते ती अशी. पीक पाण्यावाचून उभे, आणि वर वायंडिंगचा खर्च!

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण पैशांच्या बाबतीत पाळतो, विजेच्या बाबतीत विसरतो. आज रविवार आहे. मुलांना जवळ घ्या, प्रत्येक वस्तूवरचे वॅट वाचायला सांगा आणि २३० ने भागायला लावा. साध्या ६ अँपिअरच्या बोर्डावर एकूण १३८० वॅटच्या वर काही चढवायचे नाही, हा एक आकडा बोर्डाशेजारी कागदावर लिहून चिकटवा. गिझर, किटली, शेगडी यांना भिंतीतले मोठे सॉकेटच द्या. ढिली पिन आजच बदलून घ्या. दहा मिनिटांचे काम आहे, आणि लागतो तो फक्त साधा भागाकार.