फाइल तीच, मग बाजा वेगळा का वाजतो?

लग्नसराईत हिंगोली, वसमत, कळमनुरी कुठंही जा, एक कीबोर्डवाला, एक पॅडवाला आणि एक गायक एवढ्यावर आख्खा ऑर्केस्ट्रा उभा राहतो. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, त्याला म्हणायचं 'कॅसिओ'च. आता बऱ्याच कीबोर्डांना पेनड्राइव्ह लागतो आणि इंटरनेटवर गाण्यांच्या मिडी फाइली हव्या तेवढ्या मिळतात. फाइल उतरवून घेतली, पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबलं, की ढोलकीच्या जागी घंटा वाजते, बासरीच्या जागी पियानो, आणि पट्टी अशी की गायकाने हात जोडावेत. मग कीबोर्डवर खापर फुटतं. बिचाऱ्याचा त्यात फारसा दोष नसतो.

मुळात मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. चार मिनिटांच्या गाण्याची एमपीथ्री साधारण 4 एमबीची होते. त्याच गाण्याची मिडी शंभर केबीच्या आत बसते. कारण तिच्यात असतात नुसते हुकूम: अमुक पट्टी दाब, इतक्या जोराने दाब, आता सोड. पट्ट्यांना नंबर आहेत, 60 म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक. जोर 1 ते 127. असे हुकूम सोळा चॅनेलांवरून जातात, म्हणजे एका वेळी सोळा वादक. ही भाषा 1983 साली वाद्य कंपन्यांनी मिळून ठरवली. हुकूम फाइलचा आणि आवाज यंत्राचा, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या आणि वाजवणाऱ्याच्या समजुतीत फरक पडला की गाणं बिघडतं. सुधारायचं ते फाइलमध्येच. संगणकावर मोफत मिळणारा कुठलाही मिडी एडिटर त्याला पुरतो.

फाइल दिसतच नसेल तर आधी पेनड्राइव्ह तपासा. बहुतेक कीबोर्डांना तो एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला लागतो. फाइलचं नाव छोटं आणि इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरी नाव पाहून बरीच यंत्रं गप्प बसतात. एवढं करूनही वाजेना, तर फाइल 'टाइप 1' असणार. तिच्यात प्रत्येक वाद्याचा ट्रॅक सुटा असतो, 'टाइप 0' मध्ये सगळे एकाच ट्रॅकमध्ये ओवलेले. संगणकाला दोन्ही चालतात, जुन्या किंवा स्वस्तातल्या वाद्यांना कित्येकदा फक्त 0. एडिटरमधून 'टाइप 0' म्हणून सेव्ह केलं की काम झालं.

मग आवाजांचा गोंधळ. 1991 साली 'जनरल मिडी' नावाची यादी ठरली. 128 आवाज, प्रत्येकाला पक्का नंबर: 1 पियानो, 74 बासरी, 105 सतार, 112 सनई. सनईला जागा मिळाली, पण आपल्या पेटीला नाही! जवळचे म्हणजे 21 चा रीड ऑर्गन नि 22 चा अकॉर्डियन. माझ्या कानाला अकॉर्डियन बरा वाटतो. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कीबोर्डांत हार्मोनियम असते, पण ती कंपनीच्या स्वतःच्या बँकेत, म्हणजे जादा आवाजांच्या यादीत. एका कंपनीच्या कीबोर्डवर केलेली फाइल दुसऱ्याकडे नेली की तो बँकेचा नंबर त्याला कळत नाही आणि तो भलतंच काही वाजवतो. एडिटरमध्ये त्या चॅनेलचा बँक आणि प्रोग्राम नंबर आपल्या कीबोर्डच्या पुस्तिकेतून पाहून बदलायचा. पुस्तिका जपून ठेवायची ती यासाठीच.

खरी गंमत दहाव्या चॅनेलची. जनरल मिडीत तो तालवाद्यांसाठी राखीव आहे, आणि तिथे नंबर म्हणजे सूर नव्हे, वाद्य. 36 वर मोठा ड्रम, 38 वर स्नेअर, 42 वर झांज, 56 वर काउबेल, 60 वर बोंगो, 81 वर ट्रँगल. तबला, ढोलकी, संबळ, हलगी या यादीत कुठंच नाहीत. ज्याने फाइल केली त्याच्याकडे भारतीय तालवाद्यांचा संच असेल, त्यात 56 वर ढोलकीची थाप असेल. तुमच्याकडे तिथं काउबेलच वाजणार. वरच्या घंटेचं गूढ हेच. तुमच्या कीबोर्डात भारतीय संच असेल तर चॅनेल 10 ला तो लावा आणि कुठल्या नंबरवर काय आहे ते एकेक पट्टी दाबून लिहून काढा. नसेल तर तो चॅनेल सरळ म्यूट करा आणि ढोलकी पॅडवाल्याकडे द्या. तेच ऐकायलाही बरं लागतं.

पट्टी बदलताना इथंच पाय घसरतो. फाइल मूळ गाण्याच्या पट्टीत, म्हणजे समजा काळी चारमध्ये, आणि तुमच्या गायकाला हवी पांढरी चार. एडिटरमध्ये सगळं निवडून तीन पट्ट्या खाली ओढलं, तर चॅनेल 10 पण खाली सरकतो आणि तालाचं वाद्यच बदलतं. तो वगळून बाकीचं ओढायचं. कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण बहुधा ही काळजी स्वतःच घेतं.

सुरुवातीचे एकदोन सूर गिळले जात असतील तर पहिली मात्रा जिथं सुरू होते तिथंच आवाज बदलण्याचे सगळे हुकूम कोंबलेले असतात. त्याआधी एक रिकामं आवर्तन जोडा, हुकूम त्यात पसरवा.

आता हीच फाइल स्वतःहून वाजणाऱ्या पियानोला द्या. ही कल्पना जुनी. शंभर वर्षांपूर्वी भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर, हवेच्या ओढीने असे पियानो वाजत. 1908 साली अमेरिकी कारखानदारांनी 88 पट्ट्यांच्या गुंडाळीची रुंदी सव्वाअकरा इंच ठरवली, तेव्हा कुठे एकाची गुंडाळी दुसऱ्याच्या पियानोवर चालू लागली. यामाहाच्या डिस्क्लाव्हिअर पियानोमध्ये हवेऐवजी विद्युतचुंबक आहेत, ते पट्टी खरोखर दाबतात आणि हातोडी खऱ्या तारेवर आपटते.

या पियानोकडे एकच आवाज. सगळे चॅनेल त्याच्यावर सोडले तर चॅनेल 10 चा मोठा ड्रम, स्नेअर आणि झांज म्हणजे खर्जातली पांढरी एक, पांढरी दोन आणि काळी तीन. गाणं संपेपर्यंत त्या तीन पट्ट्या घणासारख्या बडवल्या जातात. चॅनेल 10 आधी काढून टाका. मग चाल, साथ आणि खर्ज एवढंच ठेवा. चाल दोन वाद्यांनी मिळून वाजवलेली असेल तर एक पुसा, नाहीतर तीच पट्टी दोनदा दाबली जाते आणि पहिला 'सोड' म्हणाला की दुसऱ्याचाही सूर तुटतो.

कीबोर्डला जोर 10 म्हणजे हळू आवाज. पियानोत त्या जोराने पट्टी हलते, पण हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. म्हणून सर्वांत हळू सूर ऐकू येईपर्यंत जोर वाढवत न्यायचा, वरचे मात्र तसेच ठेवायचे, नाहीतर सगळं एकसुरी होतं. एकच सूर भराभर येत असेल तर पट्टीला वर यायला सवड लागते. प्रत्येक सूर किंचित आखूड करा. आणि पेडलचा हुकूम, नंबर 64, शेवटी 'सोड' म्हणतो की नाही ते पाहा, नाहीतर गाणं संपल्यावरही तारा घुमत राहतात.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, मात्र पियानोला जमणारच नाही. मिडीत मींड 'पिच बेंड' नावाच्या हुकुमाने लिहितात. कीबोर्ड तो पाळतो, मात्र बेंड किती पट्ट्यांचा हे दोन्हीकडे सारखं हवं. सर्वसाधारण ठरलेला आकडा दोन. फाइल बारा धरून केली असेल आणि तो आकडा सांगणारा हुकूम वाचला गेला नाही, तर मींड अर्ध्यावर लटकते आणि गाणं बेसूर होतं. पियानोची तार ताणून ठेवलेली, तो बेंड ऐकून न ऐकल्यासारखं करतो. पेटीवरही हाच आक्षेप होता. आकाशवाणीने तिला 1940 ते 1971 दूर ठेवलं, त्यात मींड नसणं हे एक कारण. पण नामदेवांच्या नर्सीपासून पंढरपूरपर्यंत अभंगाला पेटीच चालते, कारण पेटीवाला मींडेऐवजी मधले सूर झरझर पट्ट्यांवर घेतो.

पियानोसाठी फाइल करताना तेच करायचं. बेंड पुसायचे, मींड जिथून जिथे जाते तिथले दोनतीन सूर सुटे लिहायचे, मधल्यांचा जोर कमी, शेवटच्याचा पूर्ण. मूळ फाइल तशीच ठेवून नवीन नावाने सेव्ह करा, कारण कीबोर्डला बेंडवालीच लागणार आहे.