विश्लेषण : भारतीय रग्बी संघाचा परदेश दौरा कसा घडतो? अहेरीच्या मुलींसाठी ही वाट किती खुली?

क्रिकेट संघ परदेशात गेला की पहिल्या सराव सत्रापासून बातम्या सुरू होतात. रग्बी संघ जातो आणि परत येतो, तरी फारसे कुणाला कळत नाही. मात्र जून २०१९ मध्ये भारतीय महिला रग्बी संघाने फिलिपिन्समध्ये सिंगापूरला २१-१९ असे हरवले, तेव्हा १५ खेळाडूंच्या रग्बीतील भारतीय महिलांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय ठरला. संघाची कर्णधार पुण्याची वाहबिज भरूचा होती. निर्णायक पेनल्टी किक मारणारी सुमित्रा नायक ओडिशाची. ती भुवनेश्वरच्या 'किस' या आदिवासी मुलांच्या निवासी संस्थेत शिकलेली. म्हणूनच हा विजय गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यासाठीही महत्त्वाचा आहे. आश्रमशाळांतून धावपटू आणि कबड्डीपटू घडत असतील, तर रग्बीपटू का घडू नयेत?

रग्बी म्हणजे नेमके काय?

अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा, हा खेळाचा गाभा. याला 'ट्राय' म्हणतात आणि त्याचे पाच गुण मिळतात. ट्रायनंतर उंच खांबांमधून चेंडू मारला तर आणखी दोन गुण, पेनल्टी किकचे तीन. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. पास बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. चेंडू असलेल्या खेळाडूला पकडून खाली पाडणे म्हणजे 'टॅकल'. कबड्डीत चढाई करणाऱ्याला घेरणाऱ्यांना ही पकड काही अगदीच परकी वाटणार नाही.

रग्बी युनियनमध्ये प्रत्येकी १५ खेळाडू ८० मिनिटे खेळतात. 'सेव्हन्स' या छोट्या प्रकारात सात खेळाडू आणि सात-सात मिनिटांची दोन सत्रे असतात. २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये सेव्हन्स आहे. भारतात निधी आणि शिबिरे बहुतांशी याच प्रकाराकडे वळतात, त्याचे एक कारण हेच. जून २०२५ मध्ये मुंबईत झालेली रग्बी प्रीमियर लीगही सेव्हन्सचीच होती.

'दौरा' ही कल्पना आली कुठून?

रग्बीत दौऱ्यांची परंपरा विश्वचषकापेक्षा जवळपास शंभर वर्षांनी जुनी आहे. पुरुषांचा पहिला विश्वचषक १९८७ चा, तर ब्रिटिश बेटांवरील खेळाडूंचा संघ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला गेला १८८८ मध्ये. त्याच वर्षी न्यूझीलंडमधून 'नेटिव्ह' नावाचा संघ उलट दिशेने निघाला. त्यातील बहुतेक खेळाडू माओरी, म्हणजे तिथले मूळ रहिवासी होते. वर्षभराहून अधिक काळ घराबाहेर राहून या संघाने १०७ रग्बी सामने खेळले. न्यूझीलंडच्या संघांची काळी जर्सी आणि सामन्याआधीचा 'हाका' ब्रिटनमधील प्रेक्षकांनी प्रथम पाहिला तो याच दौऱ्यात. सत्ताधाऱ्यांचा खेळ मूळ रहिवाशांनी आपलासा केला आणि पुढे तो देशाची ओळख बनला.

भारताचा संबंधही जुना आहे. कलकत्त्यातील ब्रिटिशांचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद झाला, तेव्हा बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांच्या रूपात काढून, ते वितळवून एक चषक घडवण्यात आला. तोच कलकत्ता कप. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्यासाठी खेळतात. कपाच्या मुठी नागाच्या आकाराच्या आहेत, झाकणावर हत्ती आहे.

भारतीय संघ परदेशात केव्हापासून जातो?

देशांतर्गत अखिल भारतीय स्पर्धा १९२४ पासून आहे. मुंबईत बॉम्बे जिमखान्याने हा खेळ टिकवला. पण भारताचा पुरुष संघ अधिकृत आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला तो थेट १९९८ मध्ये, आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत. अभिनेता राहुल बोस त्या संघात होता. आज तो रग्बी इंडियाचा अध्यक्ष आहे.

महिलांचा १५ जणींचा संघ पहिल्यांदा खेळला २०१८ मध्ये, सिंगापूरला. तिथे पराभव पत्करावा लागला. वर्षभराने फिलिपिन्समध्ये त्याच सिंगापूरला नमवून भारताने कांस्यपदक मिळवले. सप्टेंबर २०२१ मध्ये १८ वर्षांखालील मुलींनी ताश्कंदमधील आशियाई सेव्हन्स स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. २०२३ मध्ये महिला सेव्हन्स संघ हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेतही खेळला.

दौरा घडण्यासाठी काय लागते?

रग्बीच्या एका सामन्यासाठी राखीव धरून २३ खेळाडू लागतात. 'स्क्रम'मध्ये सर्वात पुढे डोके भिडवणाऱ्या खेळाडूंना खास प्रशिक्षण लागते. तसे राखीव खेळाडू नसतील तर सुरक्षेसाठी स्क्रम फक्त नावापुरता, जोर न लावता घेतला जातो. डोक्याला मार लागल्याचा संशय आला की खेळाडूला बाहेर काढावेच लागते. त्यामुळे डॉक्टर, फिजिओ आणि विमा या गोष्टी दौऱ्यात टाळता येत नाहीत. खर्चासाठी रग्बी इंडिया केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचे साहाय्य, प्रायोजक आणि राज्य सरकारे यांच्यावर अवलंबून असते. ओडिशा सरकारने या खेळाला दिलेला आधार त्या राज्याच्या मुलींच्या कामगिरीत दिसतो.

आणखी एक अट भारतासाठी निर्णायक ठरते. जागतिक नियमांनुसार आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणाचा जन्म एखाद्या देशातला असेल, तर त्या देशाकडून खेळता येते. पॅसिफिक बेटांवरील देशांपासून इटलीपर्यंत अनेक संघ परदेशात वाढलेल्या खेळाडूंवर उभे आहेत. भारत सरकारच्या २००८ च्या धोरणानुसार मात्र भारतीय पासपोर्ट असलेलाच खेळाडू देशाचे प्रतिनिधित्व करू शकतो. म्हणजे लंडन किंवा ऑकलंडमध्ये वाढलेला, परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा खेळाडू संघात येऊ शकत नाही. संघ देशातच घडवावा लागतो. शहरी क्लबांची संख्या मर्यादित असल्याने नजर गावांकडे आणि आदिवासी भागांकडे वळणे ओघानेच आले.

'किस'च्या मुलांनी काय करून दाखवले?

२००७ मध्ये 'किस'च्या १४ वर्षांखालील मुलांचा संघ लंडनला आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी गेला आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या संघाला हरवून विजेता ठरला. २०२२ चा 'जंगल क्राय' हा चित्रपट याच दौऱ्यावर आहे. या मुलांना चपळाई आणि दम शिकवावा लागला नाही. गरज होती ती नियम समजावणारा प्रशिक्षक, रोजचे पोटभर जेवण आणि एकाच आवारात राहून सराव करण्याची सोय, यांची. निवासी शाळेचा मोठा फायदा म्हणजे १५ जणींचा संघ संध्याकाळी एका मैदानावर जमतो. शहरात हेच सर्वात अवघड असते.

अहेरीत यातले काय आहे, काय नाही?

निवासी शाळा आहेत. आदिवासी विकास विभागाची गडचिरोली जिल्ह्यात तीन प्रकल्प कार्यालये आहेत : गडचिरोली, अहेरी आणि भामरागड. त्यांच्या आश्रमशाळांत माडिया, गोंड मुले-मुली वसतिगृहात राहून शिकतात. प्रकल्प, विभाग आणि राज्य अशा तीन पायऱ्यांवर क्रीडा स्पर्धा होतात. त्यात कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हँडबॉल आणि धावण्याच्या शर्यतींवर भर असतो. हँडबॉल खेळणारी मुलगी हाताने पास देणे जाणते, कबड्डी खेळणारी पकड जाणते. रग्बीला दोन्ही लागते.

संधी दिली तर काय होते, याचे उदाहरण शेजारच्या चंद्रपूरचे आहे. 'मिशन शौर्य'अंतर्गत मे २०१८ मध्ये तिथल्या आश्रमशाळांतील पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्याआधी त्यांना टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण देण्यात आले होते. गिर्यारोहणाची परंपरा नसलेल्या गावांतून ही मुले आली होती.

जे नाही, तेही मोठे आहे. अहेरीत रेल्वे नाही. गाडी पकडायला बल्लारपूर गाठावे लागते. प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला, अडीचशे किलोमीटरहून दूर. १८ वर्षांखालील संघाचा दौरा म्हणजे खेळाडूचा पासपोर्ट १५-१६ व्या वर्षीच तयार हवा. आधार, शाळेचा दाखला आणि जन्मनोंद यांतील नाव किंवा तारीख जुळली नाही, तर निवड होऊनही विमान चुकू शकते. एक दिलासा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी शाळा सोडल्याचा दाखलाही जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतो. जन्म प्रमाणपत्राची सक्ती त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे.

मग प्रश्न नेमका कुठे अडतो?

प्रशिक्षकावर. चेंडू स्वस्त आहे, मैदानही साधे चालते. पण सुरक्षित टॅकल कसा करायचा, डोके कुठे ठेवायचे, हे न शिकवता रग्बी खेळवणे धोक्याचे आहे. त्यामुळे सुरुवात शाळेतील क्रीडा शिक्षकाच्या प्रशिक्षणापासून आणि टॅकल नसलेल्या 'टच रग्बी'पासून करावी लागते.

दुसरा अडथळा भविष्याचा. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण खेळ आणि स्पर्धा शासनाच्या निकषांत बसावी लागते. मुलीने कबड्डी सोडून रग्बी का खेळावी, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर क्रीडा विभागाने लेखी द्यायला हवे : कोणती स्पर्धा धरली जाते, कोणते प्रमाणपत्र चालते, पडताळणी कुठे होते.

फिलिपिन्समधील सामना दोन गुणांनी जिंकला गेला आणि पेनल्टी किक तीन गुणांची असते. ती किक मारणाऱ्या मुलीच्या शाळेत रग्बीचा चेंडू आधीच येऊन पोहोचला होता. अहेरीच्या आश्रमशाळेत तो अजून पोहोचायचा आहे.