सोसायटीच्या वह्यांकरितां यंत्राची भाषा कोणती निवडावी ?

नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी सर्वांस खुलें झाल्यापासून संगणकाचा आज्ञालेख कृत्रिम बुद्धीकडून लिहवून घेणें आपणांसही साध्य झालें आहे. सोसायटीची खातेवही, पीकपेरा व येणें बाकी यांच्या याद्या दरमहा हातानें जुळविण्याऐवजीं यंत्रानें जुळवाव्या, असें पिंपळगाव राजा येथील सभासद बोलून दाखवितात. मग आज्ञालेख कोणत्या भाषेंत असावा ? (सरकारी ई-फेरफाराचें दफ्तर निराळें, त्यास आपण हात लावावयाचा नाहीं. येथें विचार आपल्या वह्यांचा आहे.)

"ज्यांचें क्षेत्र २ हेक्टरहून कमी असून बाकी थकली आहे अशीं खातीं दाखीव," असे प्रश्न विचारण्याकरितां एसक्यूएल ही भाषा आहे. एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडलेल्या विचारावरून ती आयबीएम कंपनींत तयार झाली. तींत काय हवें तें सांगावयाचें. शोध कसा घ्यावा तें यंत्र ठरवितें. फायली उघडणें, अंक तपासणें, यादी छापणें या कामांस ग्विडो व्हॅन रॉसम यांनीं १९९१ मध्यें प्रसिद्ध केलेली पायथन योग्य. एसक्यूलाइट नांवाचें, एकाच फायलींत मावणारें दफ्तर चालविण्याची सोय तिच्यासोबतच येते. जावा समर्थ खरी, परंतु एवढ्याशा कामास तिचा पसारा मोठा. शिवाय या दोन्ही भाषांतील लेखन विपुल असल्यामुळें कृत्रिम बुद्धि त्या बऱ्या लिहिते, आणि थोड्या अभ्यासानें आपणांस तें वाचतां येतें. न वाचतां सही करणारा कारकून किती दिवस टिकतो हें वाचक जाणतातच.

आतां प्रस्तुत लेखकाची फजिती. एका यादींत कांहीं क्षेत्रें मराठी अंकांत व कांहीं इंग्रजी अंकांत होतीं. कृत्रिम बुद्धीनें लिहिलेल्या एसक्यूएलनें बेरीज दिली, ती फारच कमी. एसक्यूलाइट मराठी अंकांस केवळ मजकूर समजून बेरजेंत शून्य धरतें, आणि तक्रारही करीत नाहीं ! पायथन मात्र '१२' हा बारा म्हणून वाचते. म्हणून अंक प्रथम पायथनकडून एकसारखे करून मगच दफ्तरांत भरावे.

दुसरी चूक मात्र कोणतीच भाषा पकडीत नाहीं. १ हेक्टर ५ आर हें क्षेत्र १.०५ लिहावयाचें, तें कोणी १.५ लिहिलें, ४५ आरांचा, म्हणजे एकराहून अधिक फरक पडला. कर्जाची मर्यादा क्षेत्रावर ठरावयाची असेल तर हा फरक कोणाच्या तरी घरावर बसतो. तो सातबारा समोर ठेवूनच सांपडला.

नोंद बदलणाऱ्या आज्ञेस तर फेरफाराचाच नियम लावावा. गांव नमुना ६ मध्यें नोंद झाली तरी ती प्रमाणित होईपर्यंत अधिकार अभिलेखांत अंमल होत नाहीं. तसा व्यवहार उघडून, किती ओळी बदलल्या तें मोजून, मगच 'कमिट' म्हणावें, अन्यथा 'रोलबॅक'. 'अपडेट' या आज्ञेंत 'व्हेअर'ची अट राहून गेली तर एकाच्या जागीं साऱ्या गांवाची बाकी बदलते. म्हणून आधीं फायलीची नक्कल दुसरीकडे ठेवावी. कृत्रिम बुद्धीस सभासदांचीं नांवें वा आधार क्रमांक देऊं नयेत. रकान्यांचे मथळे व दोन काल्पनिक ओळी पुरेशा होतात.