लेखप्रसाराची मोजणी : एका आकड्याचे पृथक्करण

ब्लॉगवरील एखादा लेख समाजमाध्यमांवर किती वेळा 'शेअर' झाला, याचे उत्तर देणारा आकडा २०१० नंतरच्या काही वर्षांत त्या लेखाच्या शिरोभागी किंवा तळाशी सहज दिसत असे. त्या वर्षी एप्रिलमध्ये फेसबुकने व ऑगस्टमध्ये ट्विटरने आपापली बटणे इतर संकेतस्थळांस उपलब्ध करून दिली, आणि बटणाशेजारच्या लहानशा चौकटीत संख्या झळकू लागली. वाचकसंख्येहूनही हा आकडा अधिक अर्थपूर्ण मानण्याकडे अनेकांचा कल झाला. वाचणे ही मूक क्रिया होय. दुसऱ्यास वाचावयास देणे हा मात्र एक प्रकारचा अभिप्राय होय, अशी त्यामागील धारणा होती. ऑक्टोबर २०१० मध्ये जेसन प्रीम व त्यांचे तीन सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या 'ऑल्टमेट्रिक्स' जाहीरनाम्याने तर विद्वत्तापूर्ण लेखनाचा प्रभाव मोजतानाही अशा खुणा विचारात घ्याव्यात, असे प्रतिपादन केले. तथापि अशा आकड्यावर प्रबंधातील निष्कर्ष उभारावयाचा असेल, तर तो नेमका कशाचा आकडा आहे हे आधी निश्चित करणे अगत्याचे ठरते.

प्रथमदर्शनी तो लेखाचा आकडा वाटतो. वस्तुतः तो पत्त्याचा आकडा असतो. गणना करणाऱ्या यंत्रणेस लेख ठाऊक नसतो. तिला ठाऊक असते ती केवळ पत्त्यातील चिन्हांची मालिका. तीत एका चिन्हाचा फरक पडला तरी यंत्रणेच्या लेखी ती दुसरी वस्तू होऊ शकते. अनेक ब्लॉग 'एचटीटीपी' सोडून सुरक्षित 'एचटीटीपीएस' पत्त्यांवर गेले, तेव्हा त्यांच्या जुन्या लेखांपुढील आकडे एकाएकी शून्यावर आले ते याच कारणाने. एकाच मजकुराच्या अनेक पत्त्यांपैकी अधिकृत कोणता, हे सांगण्याची खूण गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये मान्य केली होती. पण ती शोधयंत्रांसाठी होती, आणि ती पाळणे न पाळणे हे ज्याच्या त्याच्या हाती राहिले.

मराठी लेखनास येथे आणखी एक अडचण आहे. देवनागरीतील प्रत्येक वर्णसंकेत पत्त्यात उतरताना नऊ रोमन चिन्हांचे रूप घेतो. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण व एकार असे चार संकेत आहेत. पत्त्यात त्यांची छत्तीस चिन्हे होतात. वर्डप्रेस या बहुप्रचलित प्रणालीत लेखाच्या पत्त्यातील नावास २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे बावीस संकेतांत शीर्षक संपते. इतक्यात एखादे बऱ्यापैकी लांब मराठी शीर्षक मावत नाही. मग लेखक कधी मागाहून रोमन पत्ता देतो, आणि त्या क्षणी गणना पुन्हा आरंभापासून सुरू होण्याचा संभव असतो. मराठी व इंग्रजी ब्लॉगांच्या आकड्यांची तुलना करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ही बाब दृष्टीआड करू नये.

पत्त्याचा प्रश्न सोडविला तरी 'शेअर' म्हणजे कोणती कृती, हा प्रश्न उरतोच. फेसबुकच्या बटणावरील एकच संख्या ही पसंती, पुनःप्रसारण व अभिप्राय यांची बेरीज असे. खासगी संदेशातून पाठविलेले दुवेही तीत मोजले जात असल्याचे २०१२ मध्ये उघड झाले. ट्विटरने तर नोव्हेंबर २०१५ मध्ये बटणावरील गणना बंदच केली. प्रत्युत्तरे आणि पत्त्याचे निरनिराळे अवतार या आकड्यात येत नाहीत, असे कारण त्या वेळी देण्यात आले. कारण खरे होते, हे मान्य करावयास हवे. पण त्यामुळे अभ्यासकाच्या हातची मालिका मध्येच तुटली. पुढे २०२३ मध्ये ट्विटरकडून संशोधकांस विनामूल्य मिळणारा माहितीचा मोठा साठा आटला, आणि फेसबुकने २०१६ मध्ये विकत घेतलेले क्राउडटँगल हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाले. मोजपट्टी ज्याच्या मालकीची, तो ती केव्हाही उचलून नेऊ शकतो. २०१४ चा आकडा २०२४ च्या आकड्याशेजारी मांडून लोकरुचीतील बदल दाखविणे हे म्हणूनच सदोष ठरते. पुष्कळदा तो बदल मोजपट्टीतला असतो.

पुढे पाठविणारा वाचतो, या गृहीतासही धक्का बसला आहे. कोलंबिया विद्यापीठ व फ्रान्समधील इन्रिया ही संस्था येथील संशोधकांनी २०१६ मध्ये पाच मोठ्या वृत्तसंस्थांच्या, ट्विटरवर फिरलेल्या दुव्यांची तपासणी केली. त्यांपैकी ५९ टक्के दुवे कोणीही उघडलेच नव्हते. ही पाहणी वृत्तलेखांची होती, ब्लॉगांची नव्हे. ती मराठी ब्लॉगांस जशीच्या तशी लावता येणार नाही. परंतु प्रसार आणि वाचन या दोन भिन्न क्रिया आहेत, एवढे तिने निर्विवादपणे दाखविले.

याच्या उलट बाजूस जे पुष्कळ वाचले जाते, पण कोठेच मोजले जात नाही, असे लेखन आहे. खासगी संदेशांतून होणाऱ्या अशा अदृश्य प्रसारास ॲलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ मध्ये 'डार्क सोशल' हे नाव दिले. मराठी लेखनाचा फार मोठा संचार व्हॉट्सॲपवरील कुटुंबांच्या, सोसायट्यांच्या व शाळासोबत्यांच्या गटांतून होतो. तेथे उघडलेला दुवा ब्लॉगाच्या नोंदवहीत बहुधा 'थेट आलेला वाचक' म्हणून उमटतो. व्हॉट्सॲपवरील दुहेरी बाणाची खूण संदेश निदान पाच हातांतून पुढे आल्याचे सांगते. पण ती साखळीची लांबी होय, फांद्यांची संख्या नव्हे. शिवाय मजकूर उतरून घेऊन नव्याने चिकटविला की तीही पुसली जाते. मराठीत तर दुवा पाठविण्यापेक्षा सबंध लेखच चिकटविण्याची रीत रूढ आहे. पत्ता गेला, लेखकाचे नाव गेले, मजकूर मात्र गावोगावी पोचला, अशी स्थिती वारंवार उद्भवते.

अशा परिस्थितीत आकडा द्यावयाचा, तर त्यासोबत माध्यम, मोजणीचा दिनांक, मोजलेली कृती आणि पत्त्याची गृहीत धरलेली रूपे दिली पाहिजेत. स्वतःच्या ब्लॉगापुरती पाहणी करणाऱ्यास प्रत्येक मार्गासाठी पत्त्यास वेगळी शेपटी जोडून वाचक कोठून आला हे काही अंशी ओळखता येते. दुसऱ्याच्या लेखाबाबत हा उपाय नाही. तेथे लेखातील एखादे असाधारण वाक्य निवडून ते सार्वजनिक पृष्ठांवर शब्दशः शोधणे, ही जुन्या पाठचिकित्सेशी नाते सांगणारी पद्धत अधिक उपयुक्त ठरते. तिने एकूण प्रसाराची संख्या हाती येत नाही. पण प्रतींतील पाठभेद जुळविले असता कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, आणि लेखकाचे नाव कोणत्या टप्प्यावर गळाले, याचा माग पुष्कळदा काढता येतो.