झाशीच्या राकड मातीत कोनफ्लॉवर
बुंदेलखंडातील उद्यानप्रेमींची खरी परीक्षा मे-जूनमध्ये होते. झाशीत पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि तांबडी, खडीमिश्रित ‘राकड’ माती पाणी धरून ठेवत नाही. हंगामी फुलझाडे मान टाकतात. उत्तर अमेरिकेतील माळरानांचे जांभळे कोनफ्लॉवर, अर्थात एकिनेशिया, हे बहुवर्षायू झाड एकदा रुजले की पाण्याची टंचाई पुष्कळ सोसते. मुळाशी पाणी साचले तर मात्र ते कुजते. आणि येथील बहुतेक पाऊस चार महिन्यांतच कोसळतो. म्हणून वाफा उंच करावा, शेणखत बेतानेच घालावे. ऑक्टोबरात बी पेरावे. पहिल्या उन्हाळ्यात दुपारची सावली व नियमित पाणी द्यावे. पहिले वर्ष बहुधा पानांवरच जाते. मुदत ठेवीची सवय असलेल्या वाचकांना हे जड जाऊ नये! सुकलेली काही बोंडे झाडावरच राहू द्यावीत; त्यांतील बी पक्षी टिपतात.